सोप्याची शरदातली सजावट: लोंब्या, झेंडूचा रंग आणि बांबूचा कंदील

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, कौलारू. पुढं सोपा, म्हणजे ओसरी, त्याला दोन सागवानी खांब. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला प्लास्टिकची फुलं आणून बांधली होती. दिवाळीपर्यंत ती उन्हानं पांढरी पडली. काढून घंटागाडीत टाकताना फार वाईट वाटलं. या घराच्या दाराला शेतातलं, मातीतलं काही असावं असं तेव्हापासून मनात होतं. यंदा ठरवून केलं, आणि करताना वहीत लिहीत गेले. कुणाला असंच करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाचतील.

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

आज फक्त मोजमाप. सोपा अकरा फूट रुंद, पाच फूट खोल. दाराची चौकट साडेतीन फूट. दोन खांबांमध्ये सहा फूट. वळचण अडीच फूट पुढं आलेली, त्यामुळं सरळ पाऊस आत येत नाही, पण वाऱ्याचा झोडपा आला की पुढची दोन फूट फरशी भिजते. घराचं तोंड पश्चिमेला. तीननंतरचं ऊन थेट उंबऱ्याला लागतं. झोडपा आणि तिरकं ऊन, या दोन गोष्टी सगळ्यात आधी वहीत लिहिल्या. सगळी गडबड पुढं यांच्यामुळंच झाली.

तीन वस्तू करायच्या. दाराला भाताच्या लोंब्यांचं तोरण, खांबांना कुर्डूच्या वाळलेल्या तुऱ्यांची दोन गोल कडी, आणि मधोमध कापडी आकाशकंदील.

सासूबाईंना दाखवलं. आम्ही त्यांना आईच म्हणतो. म्हणाल्या, "पितृपंधरवडा चाललाय. आत्ता काय बांधू नको. गोळा करून ठेव, घट बसले की बांध."

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी मी आणि पोरगा वडणग्याच्या बाजूला गेलो. सोयाबीन आणि भुईमुगाच्या बांधांवर कुर्डू भरपूर. शेतकऱ्याला ते तणच, विचारल्यावर "न्या की सगळं" म्हणाले. खाली पांढरे, वर गुलाबी असे तुरे. कुर्डूचा मोठा गुण असा की वाळल्यावरही तुऱ्याचा आकार जात नाही आणि रंग बराचसा टिकतो.

दोन पोती भरून आणलं. सुतळीनं मनगटाएवढ्या जाड सहा पेंढ्या बांधल्या आणि माजघरात आढ्याला उलट्या टांगल्या. दीड तास लागला. खर्च काही नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पाच दिवस पाऊस. आज माजघरात कुबट वास यायला लागला म्हणून पेंढ्या उतरवल्या. बाहेरून छान वाळलेल्या दिसत होत्या. सोडल्या तर आत काळ्या पडलेल्या, बुरशीची पांढरी जाळी धरलेली. सहापैकी चार पेंढ्या फेकल्या. उरलेल्या दोनमधले बाहेरचे देठ तेवढे वाचले.

चूक सरळ आहे. पेंढी जाड बांधली, आत वारा गेला नाही. दुसरी चूक सुतळीची. देठ वाळले की आकसतात, सुतळी सैल होते आणि मधले देठ सटकून खाली पडतात. आता आठ-दहा देठांचीच जुडी बांधायची आणि तीही रबरानं. देठ बारीक झाला तरी रबर आवळत जातं. माजघरही बंद केलं. तिथं वारा नाही. जिन्याखाली, जिथून मागच्या दाराचा वारा येतो, तिथं आडवी काठी बांधली.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

देवघरात घट बसले. दाराला आज झेंडू आणि आंब्याच्या पानांचं साधं तोरण. एक किलो झेंडू १२० रुपये, आंब्याचे टाळे २० रुपये. किलोत लहानमोठी मिळून एकशे आठ फुलं निघाली.

नवीन करणाऱ्यांसाठी एकच सांगते. सुई पाकळ्यांतून घालू नका. फुलाच्या बुडाशी जो हिरवा, घट्ट पेला असतो त्यातून आडवी घाला. पाकळ्यांतून ओवलेली माळ संध्याकाळपर्यंत ढिली होते. पेल्यातून ओवलेली चार दिवस टिकली.

५ ऑक्टोबर, शनिवार

कुर्डूची दुसरी खेप. या वेळी बांधावरच पानं ओरबाडून काढली, फक्त देठ आणि तुरा आणला. पोत्याचं वजन निम्म्यावर आलं आणि ओलही तेवढीच कमी. बावीस जुड्या, प्रत्येकीत आठ देठ, जुड्यांत वीतभर अंतर.

आज कंदिलाच्या कापडाचीही सुरुवात केली. मांजरपाटाची एक चिंधी हळदीच्या पाण्यात उकळली. रंग असा चढला की बघत राहावं. चिंधी खांबाला बांधून ठेवली, ऊन किती सोसते ते बघायला.

६ ऑक्टोबर, रविवार

माहेरी गेले. राधानगरी रस्त्यानं पस्तीस किलोमीटर, भोगावतीकाठी. दादाच्या वरच्या तुकड्यातलं हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात कापणीला आलेलं, पिवळंधमक. मी कोयत्यानं वीतभर देठ ठेवून अडीचशे लोंब्या कापल्या, पेंढी करून गाडीच्या मागं बांधली.

घरी येऊन सोडली तर पेंढीखाली भाताचा सडा. लोंब्यांच्या नुसत्या काड्या राहिलेल्या. पुरतं पिकलेलं भात असं झडतंच, हे मला माहीत असायला हवं होतं. शेतात भात कापताना सकाळच्या दवात का कापतात, हे लहानपणापासून बघितलंय. मी भर दुपारी बाराला, सगळ्यात वाळलेल्या वेळी कापलं आणि वर खड्ड्यांच्या रस्त्यावरून आणलं.

आईंनी एक लोंबी तळहातावर चोळली. "तोरणाला आसलं चालत न्हाई. दाण्यात नख रुतलं पायजे आन् देठ हिरवा पायजे. तवा कापायचं."

पेंढी फेकली नाही. थोडेफार दाणे राहिले होते, म्हणून तशीच एका बाजूला टांगून ठेवली. पुढं तिचा फार उपयोग झाला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

हळदीची चिंधी गेली. पाच दिवसांत उन्हाकडची बाजू फिकट साय झाली, खांबाकडची अजून पिवळी. घर पश्चिमेला असल्याचा हा परिणाम. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कलत जातो आणि मावळतीचं ऊन खाली उतरून घरात खोलवर येतं. नोव्हेंबरातल्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात, ती ह्याच तिरक्या उन्हाची. देवळात ज्या उन्हाची आपण वाट बघतो त्याच उन्हात माझा कंदील महिनाभर उभा राहणार, तर रंगही त्याला पुरून उरणारा हवा.

हळद कापडावर पटकन चढते, पण उन्हात तिचा टिकाव नाही. साबण लागला तर लाल होते, ते वेगळंच. गेरू उन्हात विटत नाही, पण कोरडा झाला की हाताला लागतो. झेंडू राहिला. तुरटीत आधी भिजवलेल्या कापडावर झेंडूचा पिवळा हळदीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात झेंडूला काय तोटा!

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

काम नाही. संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला सगळे गेलो. पोराला या वर्षी आपट्याचं पान नीट ओळखायला शिकवलं. दोन पाकळ्यांचं, लहान, जाडसर. बाजारात कांचनाची मोठी पानं आपटा म्हणून देतात, ती वेगळी.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहाटे पाचला निघून पुन्हा माहेरी. खालच्या तुकड्यात इंद्रायणी होती. दाणा भरलेला, वरून पिवळी झाक, देठ हिरवा. नख लावलं तर रुततंय. दव असतानाच, सात वाजायच्या आत, तीनशे लोंब्या कापल्या. देठ हातभर ठेवला. गेल्या वेळी वीतभर ठेवला होता, त्यात गाठ मारायलाही जागा नव्हती. वहिनीनं जुन्या लुगड्यात आडव्या गुंडाळून दिल्या. घरी येईपर्यंत जेमतेम मूठभर दाणे पडले.

लोंब्या सावलीत वाळवायच्या. उन्हात घातल्या तर देठ ठिसूळ होतो आणि हिरवट रंगही उडतो. जिन्याखालच्या काठीवर पंधरा-पंधराच्या जुड्या टांगल्या.

दुपारी शेजारीपाजारी फिरले. गाड्यांवरचे, दुकानांवरचे, यंत्रांवरचे सुकलेले हार सगळ्यांनी आनंदानं दिले. पाकळ्या तोडून वजन केलं, एक किलो आठशे ग्रॅम. पूजेतलं निर्माल्य मात्र घेतलं नाही, ते आईंना पटलं नसतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मांजरपाट दीड मीटर आणला, १०५ रुपये. तुरटी १० रुपये, धुण्याचा सोडा १५ रुपये.

पहिली वेळ फसली, आणि दोन ठिकाणी फसली. कोऱ्या मांजरपाटाला गिरणीची खळ असते. मी नुसतं पाण्यातून काढून रंगात घातलं. जिथं खळ होती तिथं रंग धरलाच नाही, सगळीकडं ढग उठले. दुसरं म्हणजे मोठं भांडं हाताशी नव्हतं म्हणून लोखंडी घमेलं चुलीवर ठेवलं. पाऊण तासानं बघते तर पिवळ्याचा मेंदीसारखा मळकट हिरवा झालेला. लोखंड झेंडूच्या रंगात उतरतं आणि रंग काळवंडतो. नशीब, अर्धाच मीटर घातला होता.

तो तुकडा तसा वाईट दिसत नाही. कंदिलाच्या झिरमिळ्यांना ठेवला.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

उरलेला मीटर नीट केला. आधी सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळला. पाणी चहासारखं झालं, एवढी खळ निघाली. स्वच्छ धुऊन, कोमट पाण्यात वीस ग्रॅम तुरटी विरघळवून त्यात रात्रभर ठेवायचा असतो. मी सकाळी भिजवून संध्याकाळी काढला, तेवढंही पुरलं. मापाचा हिशेब असा की शंभर ग्रॅम कोरड्या कापडाला पंधरा ग्रॅमच्या आसपास तुरटी.

रंगासाठी स्टीलचं पातेलं. उरलेला एक किलो झेंडू, चार लिटर पाणी, पाऊण तास उकळून गाळलं. गाळल्याशिवाय कापड घालू नका, पाकळ्या चिकटून डाग पडतात. मग ओलं कापड त्या रंगात घालून मंद आचेवर पाऊण तास, सारखं हलवत. गार होईपर्यंत त्यातच राहू दिलं.

एका शेगडीवर कोजागिरीचं दूध आटत होतं, दुसरीवर रंग. आई दोन्ही पातेल्यांवर लक्ष ठेवून बसल्या होत्या. रात्री गच्चीवर दोरीला कापड टाकलं तेव्हा चांदण्यात ते पांढरंच दिसत होतं. सकाळी बघितलं तर गडद, उबदार पिवळा. इतका सुंदर की वाळल्यावरही दोन दिवस कात्री लावायला हात धजेना.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बुरूड गल्लीत गेले. माझ्याकडे गच्चीवर जुनी वाळलेली कळकाची काठी होती, तिच्याच कामट्या काढाव्यात असा विचार होता. काढून बघितल्या, वाकवताना एकामागून एक मोडल्या. सूप विणत बसलेल्या काकांना विचारलं. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "ताई, वाळला बांबू वाकत नसतोय. वला न्या. आन् सालीकडची बाजू भाईर ठेवा, आत ठिवली की फुटतीया." ओल्या बांबूच्या पंचवीस कामट्या, त्यांनीच सोलून दिलेल्या, १५० रुपये. माझे आदल्या दिवशीचे तीन तास आणि बोटातली एक कुसळी त्यापुढं महाग पडली.

कंदिलाचा आकार साधा ठरवला. वर एक षटकोन, खाली एक षटकोन, सहा उभ्या काड्या. षटकोनाची बाजू वीस सेंटिमीटर, उंची पस्तीस. म्हणजे वीसच्या बारा आणि पस्तीसच्या सहा काड्या, एकूण साडेचार मीटर. चांदणीचा मोह झाला होता, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं चांदणीच्या वाटेला जाऊ नये. तिच्या टोकांवर कापड ताणून बसवणं फार किचकट.

२० ऑक्टोबर, रविवार

सांगाडा दोनदा केला.

पहिल्यांदा सांध्यांना नुसता फेविकॉल लावून दोरा गुंडाळला. दोन तासांनी उचलला तर चार सांधे सुटले. बांबूची साल गुळगुळीत, तिच्यावर डिंक धरत नाही. सांध्याच्या जागी साल चाकूनं खरवडून काढली, मग डिंक, मग दोरा आडवा-उभा फुलीनं आठ वेढे. रात्रभर ठेवल्यावर पक्का.

पण हातात धरून जरा फिरवला की वरचा षटकोन एकीकडं, खालचा दुसरीकडं. सगळा सांगाडा पिळवटतो. चौकोनाला तिरका आधार नसला की तो कलतो, हे घराच्या दाराला कळतं तसंच कंदिलाला. तिरक्या काड्या लावाव्यात तर रात्री कापडावर जाड सावल्या पडणार. शेवटी प्रत्येक बाजूला पांढरा शिवणीचा दोरा दोन्ही कर्णांनी ताणून बांधला. दोन्ही कर्ण लागतात, कारण दोरा फक्त ताण धरतो, दाब धरत नाही. एकाच बाजूनं बांधला तर सांगाडा दुसऱ्या बाजूला लवतो. सहा बाजू, बारा दोरे, चाळीस मिनिटं. मग हलला नाही. दोऱ्याची सावली अगदी जवळ गेल्यावरच दिसते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसातून आल्यावर कापड चढवलं. खळ मैद्याची. दोन चमचे मैदा, एक पेला पाणी, सारखं ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. किडे-मुंग्या लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालायचे. मी घातला नाही. एक तर विषारी, घरात पोरं. दुसरं म्हणजे चिंधीवर लावून पाहिला तर झेंडूचा पिवळा त्यानं मळकट झाला. त्याऐवजी चिमूटभर तुरटी घातली. खळ आंबत नाही.

ओलं कापड ताणून चिकटवलं. वाळल्यावर असं तट्ट बसलं की टिचकी मारली तर वाजलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी परतीच्या पावसाचा झोडपा. कंदील बघायला म्हणून खांबांमध्ये टांगला होता, काढेपर्यंत खालची बाजू भिजली. खळ मऊ पडून दोन बाजूंचं कापड काडीवरून सुटलं. रंग मात्र उतरला नाही, खाली फरशीवर एक थेंब पिवळा नाही. पतंगी कागद असता तर सगळाच गेला असता.

दोन रात्री बसून सगळी कड काडीवरून मुडपून आत टाके घातले. हे आधीच करायला हवं होतं. खळ फक्त कापड ताणायला, धरून ठेवायला टाकेच. आणि टांगायची जागा दोन फूट आत, दाराजवळ घेतली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

तोरण विणलं. या सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेला दिवस.

वाळलेला देठ तसाच वळवला तर कट्कन तुटतो. म्हणून ओलं टॉवेल पिळून फक्त देठांना गुंडाळायचं, लोंब्या बाहेर कोरड्या. दोन तासांत देठ दोरीसारखे लवचीक होतात. मी आधी काही लोंब्या अख्ख्या पाण्यात बुडवल्या होत्या. त्यांना तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास आला, तीस लोंब्या गेल्या.

दोन सुतळ्या बोटभर अंतरानं समांतर ताणल्या, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं खांबाला. पाच लोंब्यांची एक जुडी. देठ वरच्या सुतळीवरून मागं न्यायचे, खालच्या सुतळीखालून पुढं काढायचे, स्वतःभोवती एक फेर देऊन पुढच्या जुडीच्या खाली दाबायचे. म्हणजे प्रत्येक जुडी आधीच्या जुडीचे देठ झाकते आणि गाठ कुठंच दिसत नाही. इंचाला एक जुडी. साडेतीन फुटाला बेचाळीस जुड्या, दोनशे दहा लोंब्या.

पहिल्या दहा जुड्या मी विणल्या, त्या एकसारख्या येईनात. मग आई बसल्या. लग्नाआधी त्यांनी घरात असली तोरणं विणलेली. म्हणाल्या, "हाताला आठवतंय बघ." डोळ्याला कमी दिसतं, तरी देठ बोटांनी चाचपून मागं-पुढं करत त्या विणत गेल्या, आणि मी नुसत्या जुड्या करून हातात देत राहिले. पाच तास. त्यांच्या बत्तीस जुड्या आणि माझ्या दहा तोरणात आजही वेगळ्या ओळखू येतात. माझ्या थोड्या सैल आहेत.

२७ ऑक्टोबर, रविवार

कुर्डूची कडी. आत लोखंडी तार घालायची नव्हती. दादानं पाठवलेल्या पिंजराचा, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाचा, पीळ घालून डोक्यावर घागर घेताना करतात तशी चुंबळ केली, फक्त मोठी, फूटभर व्यासाची. तिच्यात कुर्डूचे तुरे एकाच दिशेनं खोवत गेले, दोऱ्याचे फेर देत. एका कड्याला साठेक तुरे, दीड तास. दुसऱ्याला तासच लागला. पोरगा मदत करणार होता, पण गल्लीतला किल्ला सुरू झाला आणि माझी सुतळी घेऊन तो तिकडंच गेला.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

सगळं बांधलं. तोरण पुढच्या तुळईला लावलं, रस्त्यावरून दिसावं म्हणून. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

३० ऑक्टोबर, बुधवार

चिमण्या! दोन दिवसांत तोरणाची उजवीकडची बाजू निम्मी रिकामी. सकाळी साडेसहाला आठ-दहा चिमण्या लोंबकळत होत्या. हाकलवेना. पेठेत इतक्या चिमण्या कित्येक वर्षांत एका जागी बघितल्या नव्हत्या.

आई म्हणाल्या, लोंब्या दारात टांगतात त्या पाखरांसाठीच की. ते खरं, पण दिवाळी अजून पुढं होती. दोन गोष्टी केल्या. तोरण तुळईवरून काढून आत, दाराच्या चौकटीला लावलं, जिथं माणसांची ये-जा असते. आणि सहा तारखेची ती झडलेली हळव्या भाताची पेंढी मागच्या डाळिंबाला टांगली, शेजारी पाण्याचं परळ. दुसऱ्याच दिवशी चिमण्या तिकडं गेल्या. दाराकडं अधूनमधून एखादी येते, तिला येऊ दे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

कंदिलात आधी पांढऱ्या उजेडाचा एलईडी बल्ब लावला होता. झेंडूचं कापड त्यात हिरवट, आजारी दिसलं. सात वॅटचा पिवळसर उजेडाचा लावला आणि सगळा सोपा मधासारखा झाला. मेंदी रंगाच्या झिरमिळ्या खाली हलत होत्या. पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून वाळवल्या होत्या, म्हणून तेल पिऊन टाकलं नाही.

आई बराच वेळ उंबऱ्यावर बसून होत्या.

खर्च आजपर्यंत: झेंडू आणि टाळे १४०, कापड १०५, तुरटी आणि सोडा २५, कामट्या १५०, फेविकॉल ४०, बल्ब-होल्डर-वायर १९०, सुतळी-दोरा-रबर ४५, माहेरच्या दोन फेऱ्यांचं पेट्रोल ३००. एकूण ९९५ रुपये. यातली पेट्रोलची अर्धी रक्कम माझ्या पहिल्या चुकीची. वेळ साधारण चौतीस तास, त्यातले दहा-अकरा पुन्हा करण्यात गेले. वाळवणीचे दिवस यात धरलेले नाहीत, आणि खरं तर तेच मुख्य. कुर्डूला बारा दिवस, लोंब्यांना बारा-तेरा. हात कितीही भरभर चालले तरी ते दिवस कमी होत नाहीत.

९ नोव्हेंबर, शनिवार

किरणोत्सवाचे दिवस. पाच वाजता आमच्याही दारात ऊन उंबरा ओलांडून आत आलं होतं. कंदिलाच्या कापडाची एक पट्टी मी ट्रंकेत झाकून ठेवली होती, ती काढून शेजारी धरली. पश्चिमेकडची बाजू किंचित फिकी, एवढंच. नीट बघितल्याशिवाय कळत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

परवा त्रिपुरी पौर्णिमा झाली. पंचगंगा घाटावर पणत्या बघून आलो, आज उतरवलं.

कंदील जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर, उभा नाही, टांगून. दाबून ठेवला तर कर्णांचे दोरे सैल होतील. कडी तशीच राहू दिली, कुर्डू अजून चांगला आहे, पण हात लावला की बारीक काळं बी सांडतं. खाली पेपर घालत जा.

तोरणातल्या साठेक लोंब्या पाखरांनी फस्त केलेल्या. उरलेल्या आईंनी सुपात चोळल्या, पाखडल्या. दोन ओंजळी इंद्रायणी निघालं. देठ समोरच्या गोठ्यातल्या म्हशीला दिले. पुढच्या वर्षी इंद्रायणीच कापायची, दसऱ्याच्या मागंपुढं, देठ हातभर, दवात, आणि चारशे लोंब्या तरी. चिमण्यांची पेंढी पहिल्यापासून वेगळी.

ते दोन ओंजळी भात आईंनी फडक्यात बांधून दिलं. दादा रोहिणी नक्षत्रात तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकणार आहे.